मागच्या रांगेतल्या बारा जणी

मला हसू आवरत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये, आमच्या घरातलं ते दुखणं आहे. आईला आहे आणि तिच्याकडून मला आलं. एका साखरपुड्यात नवरदेवानं गडबडीत अंगठी स्वतःच्याच बोटात घातली, तर आम्हा दोघींना जिन्यात जाऊन बसावं लागलं होतं, तोंडात पदर आणि ओढणी कोंबून. मुलीकडच्यांना वाटलं आम्ही रडतोय. एका बाईनं येऊन पाठीवरून हात फिरवला, त्यानंतर तर विचारूच नका.

या हसण्यापायी मी नोकरीतल्या परीक्षेत दोनदा नापास झाले. मी फ्लाइट डिस्पॅचर. म्हणजे काय, ते चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत समजावून सांगता सांगता माझे चार केस पिकले. हवाईसुंदरी का? नाही. पायलट? नाही. मग विमानात करतेस तरी काय? अहो, मी विमानात नसतेच! मी असते लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तिथे बसून मी विमान उडायच्या आधी त्याचा अख्खा प्रवास आखते. किती उंचीवरून जायचं, किती वेगानं, वारा कुठून आहे, वजन किती, इंधन किती भरायचं. त्या कागदावर आमची सही लागते आणि कॅप्टनची. माझी मात्र अजून लागत नव्हती. मी शिकाऊ, त्यामुळे हिशोब माझा आणि सही वरिष्ठांची.

सही मिळायची तर शेवटची परीक्षा प्रत्यक्ष ड्यूटीवर होते. परीक्षक शेजारी खुर्ची टाकून बसतो, मधेमधे प्रश्न विचारतो, आणि आपण खरंखुरं विमान पाठवायचं. पहिल्या वेळी परीक्षकानं विचारलं, नागपूरचा विमानतळ बंद, पर्यायी विमानतळ बंद, त्याचा पर्यायही बंद, आता काय कराल? ते इतकं सुतकी तोंड करून विचारलं की मी फिस्सकन हसले. दुसऱ्या वेळी साहेबांचं पेन चालेना, त्यांनी झटकलं आणि शाई त्यांच्याच नाकावर उडाली. मला पाणी आणून द्यावं लागलं. शेऱ्यात लिहिलं, ‘गांभीर्याचा अभाव’. आता तिसऱ्यांदा नाही जमलं तर परत सहा महिने शिकाऊ, आणि माझ्यानंतर आलेली पोरं माझ्या कागदांवर सह्या ठोकणार. त्या विचारानं मात्र मला अजिबात हसू येत नव्हतं. आग व्हायची अंगाची.

आई माझी महापालिकेच्या बालवाडीत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नाही. चाळीच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष, आणि मंडळानं त्या हिवाळ्यात ठरवलं की दीक्षाभूमीला जायचं. दरवर्षी गर्दीत ट्रेननं जातो, एकदा निवांत जाऊ आणि विमानानं जाऊ. बारा जणी तयार झाल्या. त्यांतली एकही कधी विमानात बसलेली नव्हती. तारीख ठरली, तिकिटं निघाली, आणि मग माझ्या परीक्षेची तारीख लागली. तोच दिवस. नागपूरचं विमान माझ्याच वाट्याला. घ्या!

मी शहाण्या मुलीसारखं तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण आईसमोर माझ्या पोटात काही राहत नाही. तिला कळलं म्हणजे गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांनासुद्धा कळलं.

त्या आधीच्या रविवारी दुपारी गॅलरीत बसून सगळ्या मटार सोलत होत्या. मधे सुपं, भोवती बाया. आई म्हणाली, ‘‘हं, सांग आता. परीक्षक नेमकं काय बघणार?’’

‘‘आखलं तसं विमान गेलं का. आणि उतरल्यावर टाकीत किती पेट्रोल उरलं.’’ विमानात पेट्रोल नसतं, पण चाळीत ते पेट्रोलच.

‘‘मग ते जास्त कसं उरेल?’’

आता कुणी आपल्या धंद्यातलं इतक्या आवडीनं विचारलं तर माणूस सुटतोच की. मी मांडी घालून बसले आणि सुरू झाले. वजन कमी तर खर्च कमी, हे त्यांना लगेच पटलं. मग उंची. वर हवा पातळ असते, अंगाला कमी अडते, म्हणून विमान वरून नेतात.

‘‘मग अजून वर का नाही नेत?’’ तळमजल्यावरच्या मावशीनं विचारलं. ही मावशी अंगानं भरभक्कम, चाळीत तिच्या शिंकेला घड्याळं बंद पडतात असं आम्ही म्हणतो.

‘‘कारण विमान जड असलं की पातळ हवा त्याला पेलत नाही. पेट्रोल जळून हलकं झालं की मग चढवायचं.’’

‘‘म्हणजे माझ्यासारखंच. जेवल्या जेवल्या जिना नको.’’

झालं, मटार राहिले बाजूला आणि हसण्यात पाच मिनिटं गेली. मग वेग सांगितला. फार हळू गेलं तर विमान नाक वर करून रखडत जातं, फार जोरात गेलं तर हवाच आडवी येते, मधला एक वेग असा असतो की पोटही भरतं आणि डबाही उरतो. मग वारा. पाठीमागून आला तर फुकटची लिफ्ट, तोंडावर आला तर वेळही जातो आणि पेट्रोलही. नागपूरला जाताना हिवाळ्यात वरती पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, येताना तोच तोंडावर.

‘‘आणि शेवटची गंमत,’’ मी म्हटलं. मला त्या वेळी कुणी अडवायला हवं होतं. ‘‘वजन किती आहे तेवढंच नाही, कुठं आहे तेही बघतात. विमान पुढून जड असतं, नाक खाली जायला बघतं. म्हणून मागची शेपटी सारखी खाली दाबत राहते. ते दाबणं म्हणजे फुकटचं ओझंच. मागच्या बाजूला थोडं वजन असलं की शेपटीला दाबावं कमी लागतं. तेवढं पेट्रोल वाचतं. पण...’’

‘‘पाणी आलं!’’ कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

पुढचं काय सांगू? बारा बाया, बारा दिशा. सूप लवंडलं, मटार गॅलरीभर, आणि नळावर बादल्यांचा खणखणाट. माझं ‘पण’ तोंडातच राहिलं. मी मटार गोळा करत बसले.

परीक्षेच्या दिवशीचे साहेब दादरचे होते. पांढरी मिशी, कडक इस्त्रीचा शर्ट, स्टीलचा डबा. ‘‘आपण सुरू करावं,’’ असं शुद्ध बोलणारे. मी हसू येऊ नये म्हणून दाढेखाली लवंग धरली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. विमान अर्धं रिकामं, म्हणजे हलकं. पस्तीस हजार फुटांचा प्लॅन केला. वेग काटकसरीचा ठेवला. साहेबांनी तीन-चार प्रश्न विचारले, मी लवंग दाढेखाली ठेवूनच उत्तरं दिली. वरिष्ठांनी सही केली. प्रवासी चढले. आता दार बंद होणार, विमान जाणार, आणि मी सुटणार.

तेवढ्यात कॅप्टनचा फोन. आमच्या टेबलावरचा फोन स्पीकरवरच असतो, सगळ्या खोलीला ऐकू जातो.

‘‘मॅडम, एक अडचण आहे. पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्यात.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पांढऱ्या साड्यांतल्या बारा बायका आपल्या जागांवरून उठून पार शेवटच्या रांगांत जाऊन बसल्यात. तुमच्या कागदावर वजन पुढे आहे, इथे ते शेपटीत आहे. हवाईसुंदरींनी हात जोडले, पण त्या हलत नाहीत. म्हणतात, आम्ही विमानाला मदत करतोय.’’

लवंग गिळली मी. सबंध.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कोण आहेत या?’’

‘‘माझी आई, सर.’’

‘‘आणि बाकीच्या?’’

‘‘चाळ, सर.’’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘‘मागे बसल्यानं इंधन वाचतं, हे विधान बरोबर की चूक? कारणासहित सांगा.’’ म्हणजे परीक्षा चालूच! मी उभी राहून, शाळेतल्यासारखं, धडाधड सांगितलं. बरोबर आहे सर, पण मर्यादेत. वजन मागे सरकलं की शेपटीचं दाबणं कमी होतं. मात्र जास्त मागे गेलं की विमान बिचकतं, उड्डाणाच्या वेळी नाक आपणहून वर उठायला बघतं, पायलटच्या हातात राहत नाही. अति तिथं माती.

‘‘मग हे त्यांना का नाही सांगितलंत?’’

‘‘पाणी आलं, सर.’’

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘किती वाजता येतं तुमच्याकडे?’’

‘‘साडेचारला.’’

‘‘हं. आमच्याकडे पहाटे,’’ असं म्हणून त्यांनी मान हलवली, जणू हे कारण नियमांत बसत होतं. ‘‘लावा फोन आईंना. स्पीकरवर.’’

आईनं पहिल्याच रिंगला उचलला. कुजबुजत बोलत होती, पण तिची कुजबुज म्हणजे बालवाडीच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारी.

‘‘परीक्षक शेजारी आहे का गं? मग नुसतं हं हं कर. सगळं सांगितल्याप्रमाणे केलंय. चिवड्याचे डबे घरी ठेवले. एकेका बॅगेत एकेकच साडी. मावशीला चढायच्या आधी दोनदा बाथरूमला पाठवलं. आणि आता सगळ्या मागे बसलोय. बघ कसं पेट्रोल उरतं ते. तू पास होतेस की नाही, मी बघते!’’

आमच्या खोलीत पहिल्यांदा कोण फुटलं कुणास ठाऊक. हवामानवाला टेबलाखाली गेला. वरिष्ठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. माझ्या पोटातून ते वर यायला लागलं. मी दोन्ही गाल दातांत धरले, डोळ्यांतून पाणी आलं. आणि खरं सांगते, त्या पाण्यात नुसतं हसू नव्हतं. या बाईनं माझ्यासाठी बारा जणींना मोकळं पोट आणि रिकाम्या बॅगा घेऊन विमानात बसवलं होतं. मला तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली आणि एक धपाटाही घालावासा वाटला.

‘‘आई, ऐक. पुढे या सगळ्या.’’

‘‘अगं, तूच म्हणालीस ना मागे वजन पाहिजे?’’

‘‘थोडं, आई! थोडं! आपलं गॅलरीतलं बाकडं आठव. मावशी टोकाला बसली होती आणि बाकीच्या एकदम उठल्या, तेव्हा काय झालं?’’

पलीकडे आईनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, ‘‘अगं माझ्या बाई! बाकडं!’’ आणि पाठोपाठ मावशीचा आवाज, ‘‘माझं नाव कशाला घेतेस गं मेले, कंबर अजून दुखतेय!’’

पुढचं आम्ही फोनवर नुसतं ऐकलं. आईनं टाळी वाजवली. ‘‘चला, उठा! एका रांगेत. पुढचीच्या खांद्यावर हात. ढकलाढकली नाही. आपापल्या नंबरवर बसायचं.’’ बारा बाया पांढऱ्या साड्यांत, विमानाच्या मधल्या वाटेतून, खांद्यावर हात ठेवून निघाल्या. बाकीच्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या असं नंतर कळलं. कुणीतरी ‘जय भीम, ताई!’ म्हणालं तर आई म्हणाली, ‘‘जय भीम, पण पट्टा बांधून घ्या आधी.’’

आता खरी पंचाईत पुढे होती. या सगळ्यात विमानाची निघायची पाळी हुकली होती. दुसरी पाळी मिळेपर्यंत दहाएक मिनिटं गेली. कॅप्टनचा परत फोन आला. ‘‘मॅडम, वेग वाढवून वेळ भरून काढू का? नागपूरहून याच विमानाला पुढे जायचंय.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मला कळलं, प्रश्न हाच. आधीचे सगळे नुसते चिवड्यातले शेंगदाणे होते.

हो म्हणणं सोपं होतं. उशीर माझ्या आईमुळे, म्हणजे तो भरून काढायची घाई सगळ्यांत जास्त मलाच. पण एवढ्याशा प्रवासात जोर लावून दोन-तीन मिनिटंच वाचतात आणि इंधन मात्र भसाभसा जातं. मी वाऱ्याचा नकाशा उघडला. सदतीस हजार फुटांवर पश्चिमेचा वारा चांगला दांडगा दिसत होता. विमान हलकं होतं, तेवढं वर जायला त्याला जड जाणार नव्हतं. गचक्यांचा इशारा कुठे नव्हता. मी परत आकडे फिरवले.

‘‘कॅप्टन, वेग आहे तोच ठेवा. दोन हजार फूट वर जा. ढकलायचं काम वारा करेल.’’

‘‘अंदाज चुकला तर?’’

‘‘चुकला तर उशीर माझ्या नावावर.’’

हे मी म्हटलं खरं, पण विमान सुटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाऱ्याचा अंदाज म्हणजे अंदाज. वारा काही आपला नोकर नाही. तो तिथे नसला तर उशीर तसाच राहणार, आणि साहेबांना लिहायला आयतं मिळणार, आईमुळे विमान अडकलं आणि वर वेळही गाठता आली नाही. पडद्यावर ते एवढंसं विमान सरकत होतं. नाशिक मागे पडलं. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. साहेब डबा उघडून शांतपणे पोळी-भाजी खात होते. मला एक घास देऊ केला, मी नको म्हटलं.

मग जमिनीवरून मोजलेला वेग वाढायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. वारा होता! माझा वारा सांगितल्या जागी, सांगितल्या वेळी हजर होता. मी हवामानवाल्याच्या पाठीत अशी थाप मारली की त्याचा चहा सांडला. विमान नागपूरला उतरलं तेव्हा उशीर चहा प्यायला लागतो तेवढाच उरला होता, आणि टाकीत आखल्यापेक्षा जास्त इंधन होतं.

साहेबांनी आकडे दोनदा तपासले. डबा बंद केला. मग माझ्या कागदावर सही केली, अगदी सावकाश, नाव-आडनावासकट. ‘‘अभिनंदन. आणि आईंना सांगा, सिद्धांत त्यांचा बरोबर होता. प्रमाण तेवढं चुकलं.’’ एवढं बोलून ते दाराकडे गेले, दाराची मूठ धरली, आणि तिथेच त्यांचा बांध फुटला. ‘‘बाथरूमला... दोनदा...’’ एवढंच त्यांना म्हणता आलं. मिशी थरथरत होती, डोळे रुमालात. मग मीही सोडून दिलं. अख्ख्या परीक्षेभर साठलेलं हसू होतं ते. मी खुर्चीवरून खाली आले आणि तिथेच जमिनीवर बसून हसले. आता कुणी काय शेरा मारणार होतं?

आईचा फोन आला तेव्हा मी अजून फरशीवरच होते.

‘‘आई, झाले पास!’’

तिनं फोन बाजूला धरून ओरडून सांगितलं आणि नागपूर विमानतळावर बारा जणींनी जो गलका केला, तो ऐकून कुणीतरी धावत आलं असणार. मावशी फोन हिसकावून म्हणाली, ‘‘तुझ्यासाठी मी सकाळपासून उपाशी आहे, पेढे नकोत, मटण पाहिजे.’’ कॅप्टननं दारात उभं राहून आईला सांगितलं होतं की तुमच्या मुलीनं छान आणलं. त्यावर आई त्याला म्हणाली, ‘‘आणलं तिनंच, पण तुम्हीही बरं चालवलंत.’’

मग ती फोन घेऊन बाजूला गेली असावी, कारण गलका कमी झाला. तिचा आवाज एकदम लहान झाला. असा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

‘‘परतीचं विमान कोण आखणार गं?’’

‘‘मंगळवारी ना? माझी सुट्टी आहे. असेल दुसरं कुणीतरी.’’

ती नुसतं ‘हं’ म्हणाली.

‘‘आई? काय झालं? आवडलं नाही का विमान?’’

‘‘आवडलं की. पण वर गेल्यापासून खाली येईपर्यंत डोळे मिटून बसले होते मी. या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणून तोंडावर काही दाखवलं नाही. हात बघ माझे, अजून गार आहेत.’’ फोनवर हात कसे बघणार, पण ती तसं म्हणाली. ‘‘मी मनात एकच घोकत होते, खाली माझी पोरगी बसलीय, तिला सगळं माहीत आहे.’’

माझं हसू थांबलं. बालवाडीतल्या शंभर पोरांना गप्प करणारी, मगाशी विमानात टाळी वाजवून सगळ्यांना रांगेत लावणारी माझी आई घाबरली होती. ती सबंध वेळ घाबरलेलीच होती, आणि तरी तिचं लक्ष माझ्या पेट्रोलकडे होतं.

‘‘दुसरे पण चांगलं आखतात गं आई. माझ्याहून जास्त अनुभव आहे त्यांना.’’

‘‘असेल. पण येताना वारा तोंडावर असणार, तूच म्हणालीस. दुसऱ्याच्या हिशोबावर मी नाही बसायची. ड्यूटी बदलून घे, नाहीतर आम्ही बारा जणी ट्रेननं येतो.’’

मी फरशीवरून उठले, डोळे पुसले आणि मंगळवारची ड्यूटी मागायला वरिष्ठांच्या टेबलाकडे गेले.